सभा उठल्यावर

(बल्लारपूर येथे शेतकरी, कारागीर व कामगार कुटुंबांच्या मेळाव्यात एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आमचा धंदा पोरांस बाराखडी आणि पाढे शिकविण्याचा. व्याख्यान देणे हा आमचा पेशा नव्हे. अध्यापक विद्यालयात आम्ही मराठीतून शिकलो, मराठीतूनच शिकवितो, आणि आमच्या विद्येची धाव तेवढीच आहे. तरी मंडळींनी आग्रह केला की, पेरणीच्या आधी सगळे जमतो आहोत तर चार शब्द सांगा. आम्ही विचारले, कशावर? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, सभेवरच सांगा. सभा पुष्कळ होतात. पुढे काही होत नाही. ते का?"

हा प्रश्न आम्हांस लागला. कारण गेली वीस वर्षे आम्ही गावच्या सभांची इतिवृत्ते लिहीत आलो आहोत, आणि त्यांतील किती ठराव वहीबाहेर पडले हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज आपणांस एका पंथाची हकीकत सांगणार आहोत. तो पंथ ख्रिस्ती लोकांतील असून त्यास बॅप्टिस्ट म्हणतात. कोणी दचकू नये. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि कोणी धर्म बदलावा असे सांगावयास उभे राहिलो नाही. शेजाऱ्याच्या शेतात पीक चांगले आले तर आपण त्याचे बियाणे विचारतो, त्याची जात विचारीत नाही. तितक्याच बुद्धीने हे ऐकावे.

ह्या लोकांची आमची ओळख झाली ती आपल्या ह्या बल्लारपुरातच. हे गाव कसे आहे हे आपणांस सांगणे नको. वर्धा नदीच्या काठी गोंड राजाचा किल्ला, पलीकडे कोळशाच्या खाणी, कागदाची गिरणी, सागवानाचा डेपो आणि दक्षिणेस जाणारी रेल्वे. मराठी, गोंडी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगडी ह्या सगळ्या बोली एका नळावर ऐकू येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात खाणीतल्या एका तेलुगू मजुराचा मुलगा होता. त्यांचे मूळ गाव ओंगोलच्या बाजूचे. एके दिवशी गणिताची वही तपासताना मागच्या पानांवर आम्हांस नावांची यादी दिसली. सोमवार रात्र अमका, मंगळवार रात्र तमका, पोरांचे जेवण अमकीच्या घरी. आम्ही रागावून विचारले, "हे काय?" पोरगा म्हणाला, "गुरुजी, शेजारचे काका आजारी आहेत. रविवारी प्रार्थना झाल्यावर कोणी उठले नाही. त्यांच्याजवळ रात्री कोण बसणार ते लिहिल्याशिवाय उठायचे नाही म्हणाले. वही माझीच होती." ते शेजारचे काका छत्तीसगडकडचे, हिंदू. त्यांचा ह्या प्रार्थनेशी काही संबंध नव्हता.

आम्ही ती वही परत दिली आणि लाल शाई वापरली नाही. पण तेव्हापासून मनात बसले की, सभा कशास म्हणावे हे त्या पोराच्या वहीत आहे.

आता हे लोक कोण? इ. स. १६०९ च्या सुमारास, राजाच्या धर्मखात्यास कंटाळून इंग्लंडातून हॉलंडात गेलेल्या मूठभर माणसांनी हा पंथ सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की, तान्ह्या मुलास पाणी लावून धर्मात घालणे खोटे आहे. मनुष्य जाणता व्हावा, त्याने स्वतः विचार करावा, स्वतःच्या तोंडाने होय म्हणावे, मगच त्यास बाप्तिस्मा द्यावा. त्यावरून बॅप्टिस्ट हे नाव पडले. ह्यांच्यापैकी टॉमस हेल्विस नावाच्या मनुष्याने १६१२ साली एक पुस्तक लिहून खुद्द राजास कळविले की, तू मनुष्य आहेस, देव नाहीस. प्रजेच्या आत्म्यावर तुझी सत्ता नाही. आणि हे स्वातंत्र्य त्याने आपल्याच लोकांपुरते मागितले नाही. यहुदी असो, तुर्क असो, सर्वांस ते असावे असे म्हटले. राजाने त्यास न्यूगेटच्या तुरुंगात टाकले.

दुसरी गोष्ट अशी की, ह्यांच्यात वरून नेमलेला महंत नाही. प्रत्येक गावची मंडळी आपला पाळक आपण निवडते, आपला पैसा आपण गोळा करते आणि हिशेब सर्वांपुढे ठेवते. देवाशी बोलावयास मध्ये दलाल नको, ही गोष्ट आपणांस नवी नाही. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला तो ह्याच पायावर.

मंडळीत जे सेवक निवडतात त्यांस डीकन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवा करणारा असाच आहे. ही चाल पडली कशी, हे त्यांच्या शास्त्रात सांगितले आहे आणि ते ऐकण्यासारखे आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांत रोजचे अन्न वाटत. त्यांत दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणारे कुरकुरू लागले की, वाटपात आमच्या विधवांस डावलतात. तेव्हा सगळ्यांची सभा भरविली आणि वाटपासाठी सात माणसे निवडली. त्या सातांची नावे दिली आहेत, आणि ती सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कोठार दिले. तुमच्यावर अन्याय झाला म्हणता ना, मग ही घ्या किल्ली! आमच्या गावी अशी तक्रार आली तर काय होते? चौकशीसाठी एक समिती नेमतात आणि किल्ली जेथे होती तेथेच राहते.

ह्या पंथाची एक छोटी सभा आपणांस सांगतो. इंग्लंडात केटरिंग नावाच्या गावी २ ऑक्टोबर १७९२ रोजी एका विधवा बाईच्या घरी काही पाळक जमले. गरीब मंडळी. दूरदेशी जाऊन काम करावे असा विचार निघाला. तेव्हा ज्याने त्याने किती देणार ते चिठ्ठीवर लिहिले, आणि त्या चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. बेरीज झाली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. त्या सभेत विल्यम कॅरी नावाचा मनुष्य होता. बाप विणकर, आणि स्वतः जोडे शिवून पोट भरलेला. तो १७९३ साली बंगालात आला. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथे त्याने व त्याच्या सोबत्यांनी छापखाना घातला, आणि १८०५ साली आपल्या मराठी भाषेचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापून काढला. ह्या कामी त्यास वैजनाथ पंडितांचे साह्य होते. जोडे शिवणाऱ्या माणसाने आमच्या भाषेचे व्याकरण छापले, ह्याचा आमच्या कारागीर बंधूंनी अभिमान बाळगावा. आणि हे लक्षात ठेवावे की, त्या कामाची सुरवात तपकिरीच्या डबीतून झाली. पैसा थोडा असला तर सभा वाया जात नाही. डबी न फिरविता उठलो तर वाया जाते.

त्या तेलुगू पोराचे मूळ गाव ओंगोलकडचे, असे आम्ही सांगितले. तिकडची गोष्टही ऐका. १८७६ पासून १८७८ पर्यंत मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. ओंगोलास जॉन क्लाऊ नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट पाळक होता. त्यास जमीन मोजण्याची विद्या येत होती. सरकार तेव्हा बकिंगहॅम कालवा खोदीत होते. क्लाऊने साडेतीन मैलांचा ठेका घेतला आणि उपाशी लोकांस मजुरीवर लावले. त्यांत कातडे कमावणारे मादिग लोक पुष्कळ होते. भीक घालण्यापेक्षा हातास काम दिले, ही एक गोष्ट. दुसरी ह्याहून मोठी आहे. दुष्काळ चालू असेपर्यंत त्याने बाप्तिस्मा देणे बंद ठेवले. भाकरीसाठी कोणी धर्मात यावे हे त्यास नको होते. पुढे ३ जुलै १८७८ रोजी एका दिवसात २,२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला तो नंतरचा भाग. कोणी त्या संख्येचे कौतुक करील. आम्हांस ते बंद ठेवलेले महिने थोर वाटतात. जो सेवा करतो आणि हात पुढे करून म्हणतो की आता आमच्या बाजूने मत दे, त्याने सेवेचा बाजार मांडला. अशी सेवा आम्ही निवडणुकीच्या दिवसांत दर खेपेस पाहतो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी ह्या लोकांची फारच तारीफ करतात. तसे नाही. ह्यांच्या सभांनी अधर्मही केला आहे. अमेरिकेत काळ्या लोकांस गुलाम करून कापसाच्या शेतात राबवीत, हे आपणांस जोतीरावांच्या 'गुलामगिरी'मुळे ठाऊक आहे. १८७३ सालचे ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांस अर्पण केले. पण त्याच अमेरिकेत १८४५ साली दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी ऑगस्टा गावी सभा भरवून आपली निराळी संस्था काढली. कारण काय, तर गुलाम बाळगणाऱ्यास धर्मप्रचारक म्हणून पाठविण्यास उत्तरेकडचे लोक तयार होईनात! ती सभाही प्रार्थनेने सुरू झाली असेल. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्याच संस्थेने ह्या पापाची जाहीर माफी मागितली. तात्पर्य, सभेचे नाव मोठे, आरंभी प्रार्थना, शेवटी आभार, एवढ्याने सभा चांगली ठरत नाही. सभेत कोणाचे दुःख मांडले गेले आणि कोणाचे दाबले गेले, हे पाहावे.

ज्यांस गुलाम केले होते त्यांनी सुटका झाल्यावर काय केले? त्यांनी आपली देवळे आपण बांधली. त्यांतील पुष्कळ बॅप्टिस्ट होती. गोऱ्याच्या देवळात मागच्या बाकावर बसण्यापेक्षा आपल्या फळ्यांच्या झोपडीत पुढच्या बाकावर बसू, असा त्यांचा बाणा. तेथेच शाळा, तेथेच वर्गणी, तेथेच पंचायत. अशाच एका घरात बेंजामिन मेज नावाचा मुलगा वाढला. आईबाप गुलामगिरीत जन्मलेले, बाप दुसऱ्याची जमीन खंडाने कसून कापूस पिकविणारा. मुलगा शिकला, बॅप्टिस्ट पाळक झाला, मोठा अध्यापक झाला.

आणि १९३६-३७ च्या हिवाळ्यात हा मनुष्य आपल्या वर्ध्यास आला. आपल्या स्टेशनावरून जी गाडी वर्ध्याच्या बाजूस जाते, त्या वाटेवरचे ते वर्धा. तेथे तो गांधीजींस भेटला आणि अहिंसेने लढावयाचे म्हणजे काय, हे त्याने खोदून खोदून विचारले. त्याच प्रवासात दक्षिणेत अस्पृश्य मुलांच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी त्यास बोलाविले आणि मुलांस ओळख करून दिली की, हे अमेरिकेतील अस्पृश्य आहेत. मेज आधी चमकला. मग त्याच्या ध्यानात आले की, हेडमास्तर खरेच सांगत आहे. एका शिक्षकाने एका वाक्यात दोन खंडांचे दुःख जोडले. आम्हां मास्तर लोकांस ह्याहून मोठा धडा कोणता?

मेज पुढे मोरहाउस नावाच्या कॉलेजाचा अध्यक्ष झाला. त्या कॉलेजात १९४४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा शिकावयास आला. त्याचे नाव मार्टिन लूथर किंग. बाप आणि आजा दोघेही बॅप्टिस्ट पाळक, आणि हा मुलगाही पाळक झाला.

१ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईने बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली. ५ डिसेंबरच्या रात्री होल्ट स्ट्रीटच्या बॅप्टिस्ट देवळात हजारो लोक जमले. आत मावेनात म्हणून बाहेर उभे राहिले. ठराव वाचला गेला की, न्याय मिळेपर्यंत बसमध्ये बसावयाचे नाही, आणि सगळी सभा उभी राहिली. आता आमचा म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न घ्या. सभा उठल्यावर काय झाले? कोणाच्या मोटारी, कोणत्या ठिकाणाहून, किती वाजता कामकऱ्यांस नेणार हे ठरले. पेट्रोलासाठी वर्गणी सुरू झाली. देवळादेवळांतून आठवड्यास सभा भरू लागल्या आणि प्रत्येक सभेत मागचा हिशेब व पुढचे काम. कित्येक बाया धुण्याभांड्याच्या कामास कोसच्या कोस पायी गेल्या. हे एक दिवस चालले नाही, एक महिना चालले नाही. ३८१ दिवस चालले. आणि कोर्टाचा निकाल लागून पुन्हा बसमध्ये चढण्याची वेळ आली तेव्हा देवळात खुर्च्या मांडून त्यांनी बस केली. कोणी ड्रायव्हर झाला, कोणी शिव्या देणारा गोरा झाला, आणि अंगावर आले तरी हात उचलावयाचा नाही, ह्याचा सराव केला. आम्ही वर्गात नाटक बसवितो तसे. शांतता ही सराव करून येणारी गोष्ट आहे, हे त्या लोकांस कळले होते.

मध्यंतरी, ३० जानेवारी १९५६ रोजी, किंगच्या घरावर बाँब टाकला. बायको आणि तान्ही मुलगी घरात होती. सुदैवाने वाचली. संतापलेले लोक हत्यारे घेऊन जमले. त्या रात्री त्याने एक शब्द वेगळा उच्चारला असता तर गाव पेटले असते. त्याने मोडक्या ओसरीवर उभे राहून त्यांस घरी परत पाठविले. १९६८ साली तो मारला गेला तेव्हा तो मेंफिस शहरी होता. कशासाठी? सफाई कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यासाठी. धर्म, सेवा आणि शांतता ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या कप्प्यांत ठेवावयाच्या नसतात, हे ह्या मनुष्याने जगून दाखविले.

ही झाली सातासमुद्रापलीकडची गोष्ट. आता आपल्याच देशातली सांगतो. ती आम्हां रानातल्या जिल्ह्यांस अधिक जवळची आहे. नागा लोकांच्या डोंगरात १९५० नंतरच्या दशकात बंडखोर आणि सरकारी फौज ह्यांची लढाई पेटली. गावे जळाली, वस्त्या उठवून लोकांस एका ठिकाणी कोंडले गेले. रात्री एक पक्ष भाकर मागे, दिवसा दुसरा पक्ष जाब विचारी. हे वर्णन ऐकून गडचिरोलीकडून आलेल्या बंधूंनी मान खाली घातली, ते आम्ही पाहतो आहोत. दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या गावाचे दुःख सगळीकडे एकच असते.

नागा लोकांत बॅप्टिस्ट बहुसंख्य आहेत. त्यांच्या मंडळ्यांची परिषद १९६४ च्या आरंभी वोखा गावी भरली. हजारो लोक आले. आणि त्यांनी ठराव केला की, दोन्ही बाजूंशी बोलण्यास एक शांतिमंडळ नेमावे. आता ह्या मंडळात त्यांनी कोण मागितले ते नीट ऐका. सर्वोदयाचे जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा, आफ्रिकेत काळ्या लोकांसाठी झगडलेले मायकेल स्कॉट, आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. पुढे प्रत्यक्षात पहिल्या तिघांनी काम केले. त्यांत नागा एकही नाही. बॅप्टिस्टही एकही नाही. दोघे हिंदू, एक इंग्लंडच्या निराळ्या पंथाचा पाद्री. आपल्या पंथाची परिषद, आपले देऊळ, आपला पैसा, आणि मध्यस्थ मात्र बाहेरचे! कारण त्यांस माहीत होते की, तंटा मिटविणारा आपल्या भावकीतला असला तर दुसरी बाजू त्याच्या पाण्यालाही शिवत नाही.

ते तिघे रानात गेले, बंडखोरांस भेटले, सरकारास भेटले. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून बंदुका थांबल्या. पुढे बोलणी अडली. १९६६ साली ते मंडळ मोडले. राजकारणाचा तो प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. पण जेवढे महिने बंदूक थांबली तेवढे महिने माणसे शेतात गेली, पोरे शाळेत गेली. अर्धवट शांततेचे मोल ज्याने पूर्ण युद्ध पाहिले त्यास विचारावे.

आता आम्ही आमच्या गावाकडे वळतो. गावाचे नाव घेत नाही. पण त्या गावची दोन्ही मोहल्ल्यांची माणसे येथे बसली आहेत, मध्ये जागा सोडून बसली आहेत, तेव्हा ज्यास कळावयाचे त्यास कळेल.

आमच्या गावी नाल्याकडच्या बांध्यांत जाणारी एक पांदण आहे. तिच्या दोन्ही अंगांचे धुरे दरसाल थोडे थोडे सरकले आणि पांदण बंडी जाण्याजोगी राहिली नाही. तू सरकविलास, तू सरकविलास, असे चालू झाले. पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर मारामारी झाली. दोघांची डोकी फुटली. तालुक्याच्या कोर्टात खटला गेला. तीन वर्षे झाली. वरच्या मोहल्ल्याचे लोहाराचे काम खालच्या मोहल्ल्यात होत नाही, आणि आमच्या वर्गात पोरे दोन रांगांत बसतात. आम्ही मिसळून बसवितो, सुटीनंतर पुन्हा दोन रांगा!

२००७ साली सरकारने तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हापासून आमच्या गावी समिती आहे. तिच्या सभा झाल्या. चहा झाला. इतिवृत्त आम्ही लिहिले. आणि आता आमची कबुली. मागच्या सभेत एका बाजूची माणसे उठून गेली होती, तरी आम्ही वहीत लिहिले, "सर्वानुमते मंजूर." वर कोणी विचारू नये म्हणून लिहिले. त्याआधी एका बाजूचा कोर्टातला अर्जही आम्हीच लिहून दिला होता, कारण तो गृहस्थ आमचा जुना स्नेही. पोरांस खरे बोला म्हणून सांगणाऱ्याने खोटी वही लिहिली. दुसऱ्या मोहल्ल्यातील एक बाप आम्हांस म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शाळेत पोर पाठवितो, तुमच्या सभेत येणार नाही." त्याचे काही चुकले नाही.

ह्या भांडणाची किंमत कोणी दिली? भांडणाऱ्यांनी वकिलास दिली ती सोडा. पांदणीच्या टोकाशी एका धिवर विधवेची एक बांधी आहे. तिचा धुरा कोणाशी लागत नाही. ती कोणत्याच मोहल्ल्याची नाही. गेल्या हंगामात धान कापून पडला होता. बंडी आत जाईना. दोन्ही बाजूंस तिने हात जोडले. दोन्ही बाजू म्हणाल्या, निकाल लागू दे. निकाल लागला नाही, पाऊस लागला. धानास जागच्या जागी कोंब आले. आम्ही तिच्यासाठी अर्ज लिहिला, तो अजून फिरतो आहे. खरे सांगावयाचे तर तिला अर्ज नको होता, पांदण हवी होती. पावसाळा तोंडावर आला आहे. रोवणीच्या आधी पांदण मोकळी झाली नाही, तर यंदा ती काय पेरील आणि कशाच्या भरवशावर पेरील?

म्हणून आमची ह्या मेळाव्यास तीन मागण्या आहेत.

पहिली. वोखाच्या लोकांप्रमाणे मध्यस्थ बाहेरचे घ्या. ह्या मेळाव्यात वीस गावांची माणसे आहेत. त्यांतून तिघे निवडा. आमच्या गावचा नको, दोन्ही बाजूंच्या भावकीचा नको, कोणत्याही पक्षाचा उमेदवार नको. त्यांत एक बाई असावी. खटल्याचा निकाल कोर्ट देईल तेव्हा देईल. ह्या तिघांनी एवढेच पाहावे की, यंदाच्या रोवणीपुरती बंडी जाण्याजोगी वाट दोन्ही बाजूंनी मिळून सोडावी, आणि तेवढ्याने कोणाचा हक्क गेला असे धरू नये.

दुसरी. पांदणीवर मुरूम टाकावा लागेल. त्याची वर्गणी आणि हजेरीची वही त्या धिवर बाईच्या हाती द्या. ज्याचे नुकसान त्याच्या हाती किल्ली. तिला लिहिता येत नसेल तर तिची नात आमच्या चौथीच्या वर्गात आहे. अक्षर चांगले आहे.

तिसरी आमच्याविषयी. आमचे हात ह्या भांडणात माखले आहेत, म्हणून आम्ही मध्यस्थांत बसणार नाही. आम्ही वही लिहू. पण ह्या खेपेस जो नाही म्हणेल त्याचे नाही लिहू, आणि लिहिलेले सर्वांपुढे वाचून दाखवू.

कोणी म्हणेल, एवढे जग फिरवून आणले आणि शेवटी एका पांदणीवर आणून सोडले. होय, तेथेच आणावयाचे होते. माँटगोमेरीस प्रश्न बसमधल्या एका जागेचा होता, आणि केटरिंगास एका डबीचा. मोठ्या गोष्टी मोठ्या ठरावांनी होत असत्या, तर आमच्या वह्यांनी आजवर स्वर्ग खाली आणला असता.

स्वयंपाक तयार आहे, वास येतो आहे, आणि सगळ्यांस भूक लागली आहे. आम्हांसही लागली आहे. पण आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मंडळीचा नियम आज एक दिवस आपण पाळावा, अशी हात जोडून विनंती आहे. नावे लिहिल्याशिवाय उठावयाचे नाही.

इतके बोलून आम्ही आपले भाषण संपवितो. वही येथे टेबलावर उघडून ठेवली आहे. पहिले नाव सांगा.